बाभळीला अडकलेली गाय

पिंपळटाकळी
२९ सप्टेंबर २०२५

भारतदादा,

नमस्कार-चमत्कार नंतर. आधी एवढंच कळव, तुम्ही सगळे धड आहात ना? तू, मंगलवहिनी, सायली, घर, गोठा? पूर आला त्या दिवसापासून फोन लावून लावून माझं बोट दुखायला लागलं. तसा तुझा फोन माझ्यासाठी त्याआधीही लागत नव्हताच. दूध संघाच्या निवडणुकीला तीन वर्षं होत आली आणि तू अजून त्याच दिवसात बसला आहेस. ह्यांनी (तुझे पाव्हणे युवराजराव, नाव मोठ्याने लिहिलं तर तू पत्र फाडशील म्हणून कंसात) तुझ्या विरुद्ध पॅनलची जीप घेऊन आपल्या गावात यायला नको होतं. भोंग्यावरून तुझ्या दुधात पाणी असतं असं म्हणायला तर मुळीच नको होतं. मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगते. पण राग करायचा तर त्यांचा कर ना. मी काय भोंगा धरला होता?

असो. पत्र हनुमानच्या दुधाच्या टेम्पोत देतेय. तो रोज तुमच्याकडून आमच्याकडे येतो, त्यामुळे उत्तर द्यायचं तर त्याच्याकडेच दे.

आमची नदीकडची जमीन धुऊन गेली. आता नुसते गोटे दिसतात. आमची हरणी गाय गेली. तुमच्या शिवारातून निघालेलं पाणी आमच्याकडे यायला कितीसा वेळ लागतो? गोठ्यात गुडघाभर पाणी झालं तेव्हा मी धावत जाऊन तिचं दावं सोडलं. सुटली तर वाचेल, एवढंच डोक्यात. कालवड वर घरापाशी बांधलेली होती म्हणून ती राहिली. आई हंबरत पाण्यात गेली आणि लेक वरून बघत राहिली.

आता गंमत ऐक. शेजारच्या केशरबाईने घाबरून दावी सोडलीच नाहीत. तिच्या दोन्ही म्हशी खुंट्यालाच मेल्या. पाणी उतरल्या उतरल्या तलाठी मॅडम आल्या, फोटो झाला, पंचनामा झाला, मदतीच्या यादीत नाव गेलं. आणि आम्ही माया करून दावं सोडलं, तर आमच्याकडे दाखवायला काही नाही. मेलेलं जनावर दाखवा, नाहीतर मदत नाही, असं सगळीकडे चाललं होतं.

पण झालं, आमचंही झालं. दोन दिवसांनी हरणी सापडली. आमच्या शेताच्या खालच्या बांधावर जुनी बाभळ आहे ना, तिच्या बुंध्याला अडकलेली. डाव्या मांडीवर आपल्या घरचा डाग, चंद्रकोर आणि खाली टिंब, स्पष्ट दिसत होता. आठवतं ना, आंदणाच्या गायीच्या वासरांनाही माहेरचाच डाग पाहिजे म्हणून आई ती लोखंडी सळई पिशवीत घालून एसटीने इथवर आली होती. म्हणून ओळख पटायला काहीच अडचण आली नाही. हरणीच होती. पंचनामा झाला, सगळं रीतसर झालं.

तुझी गौळण, आमच्या हरणीची बहीण, कशी आहे? गाभण होती असं हनुमान मागे म्हणाला होता. तेवढं मात्र जरूर कळव.

तुझी
विजू


पिंपळटाकळी
४ ऑक्टोबर

दादा,

हनुमान म्हणाला, पत्र तुझ्या हातात दिलं. तू उभ्या उभ्या वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि "बरं" म्हणालास. एवढंच. दादा, "बरं" हे काय उत्तर झालं?

बाकीचं सगळं हनुमाननेच सांगितलं. गौळण वाहून गेली. तुझा पंचनामा अडकलाय. मेलेली गाय दाखव, नाहीतर कानातला पिवळा बिल्ला दाखव, असं साहेब म्हणतात. आणि गावातले लोक काय म्हणतात तेही त्याने सांगितलं. नको सांगू म्हटलं तरी सांगितलं. "भारतरावची गाय कागदावरच चरत व्हती." "दुधात पानी घालनारा मानूस, गाय घालायला काय लागतं?" पारावर हसतात म्हणे. हे ऐकत होते. ताटावरून उठून गेले. भोंग्यावरचं ते वाक्य त्यांचंच, तीन वर्षं झाली तरी लोक अजून वापरतायत.

तू असं कर. वासरू राहावं म्हणून ज्या डॉक्टरांनी गाय भरवली त्यांच्याकडून लिहून घे. शेजाऱ्यांचे जबाब घे. तुझी गाय होती हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, नाही कसं म्हणतील? तू अर्ज मागे घेऊ नकोस, एवढं माझं ऐक.

पंचनाम्याचा दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. त्या दिवशीचं तुला सांगते म्हणजे जरा हलकं वाटेल. जनावरांचे डॉक्टर बिचारे सकाळपासून नदीकाठानेच फिरत होते. गाय अशी टम्म फुगलेली. पाण्यात पडलेलं प्रत्येक जनावर गाभणच दिसतं, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि म्हणाले, "अहो, ही तर गाभण होती." आत वासरू होतं. अंगावर केस आलेलं. मी तिकडे बघितलं आणि पदर तोंडावर घेतला.

"गाभण होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

हे म्हणाले, "हो हो, व्हती की."

मग डॉक्टरांनी वर घराकडे बघितलं. कालवड खुंट्याला बांधलेली, हंबरत होती. "ते वासरू कोणाचं?"

"शेजारच्या आश्रुबाचं," हे म्हणाले.

आश्रुबा म्हणजे आमचे म्हातारे शेजारी, साक्षीला तिथेच उभे होते. त्यांनी आधी कालवडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि साक्षीचा अंगठा दिला. डॉक्टर पुढच्या बांधावर गेले.

तू म्हणशील, हरणीची कालवड तीन महिन्यांची आणि हरणीच्याच पोटात केसाळ वासरू, हे कसं? तू म्हणशीलच, गोठ्यातच वाढलास तू. डॉक्टरांच्या बघण्यात काहीतरी चूक झाली असेल. इतकी जनावरं बघून माणूस चक्रावतो. मी आपलं सहज लिहिलं.

विजू


पिंपळटाकळी
९ ऑक्टोबर

दादा,

ती गौळण होती.

मागच्या दोन्ही पत्रांत मी खोटं लिहिलं. तुला ते कळलंच असेल. नसेल कळलं तर आता कळलं. मी तिला बाभळीपाशी बघितलं तेव्हाच ओळखलं. हरणीचं एक शिंग आत वळलेलं होतं, हिची दोन्ही सरळ. गळ्यात दाव्याचा तुटका तुकडा होता. म्हणजे तू सोडली नव्हतीस, तिने हिसका देऊन तोडलं असणार. आणि ते पोट. मी हिच्या आईच्या आईची धार काढताना आईच्या शेजारी बसले आहे. मला गौळण ओळखू येणार नाही?

मी ह्यांना म्हणाले, "ही दादाची हाय."

हे मढ्याभोवती एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "आपली गेली का न्हाई? खरंच गेली का न्हाई?"

"गेली."

"मग आपुन कुनाचं काय घेतलं? त्यांची कुठंतरी सापडंल. न्हाई सापडली तर त्यांची वळख हाय, त्यांचं काम व्हईल. आपलं कोन करतंय?"

आणि मला ते पटलं, दादा. अगदी पटलं. खोटी गाय दाखवत नाही आहोत, गाय तर आमची खरंच गेली, फक्त मढं दुसरं आहे, असं मी मनाशी घोकत राहिले. डाग आपल्या घरचा होता, रंग तोच लाल, त्यामुळे गावात कोणी शंका घेणार नव्हतं. फक्त कानातला बिल्ला होता. त्या बिल्ल्यावर तुझं नाव निघालं असतं. हे विळा घेऊन उभे होते आणि त्यांचा हात काही चालेना. मग मी त्यांच्या हातातून घेतला. कान मी कापला. कुत्र्यांनी खाल्ला असं सांगायचं ठरलं, आणि बिल्ला मी उकिरड्यात पुरला.

आता का सांगतेय ते ऐक. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागली, त्यात ह्यांचं नाव आहे. पैसे अजून आलेले नाहीत. पण तालुक्यात खोटे पंचनामे फार झाले अशी तक्रार गेली आहे, आणि फेरतपासणीचं पथक गावोगाव फिरतंय. ज्याचं खोटं निघेल त्याच्यावर गुन्हा. आमची कालवड जिवंत आहे तोवर आमचं खोटं दारात उभं आहे. हे म्हणतात, वडवणीच्या बाजारात नेऊन विकू. मी म्हणाले, तिला हात लावाल तर मी माहेरी निघून जाईन. मग मलाच आठवलं की माहेरी जायला तोंड कुठे आहे.

आत्तापुरती ती आश्रुबांच्या दावणीला बांधली आहे. तिथून ती दिवसभर आमच्या घराकडे तोंड करून हंबरते. मी चुलीपाशी बसले की मला तेवढंच ऐकू येतं. हातातलं काम सुचत नाही, भाकरी करपते. कोणाची मोटारसायकल थांबली तरी मी दाराआडून बघते.

मला पथकाची भीती वाटते हे खरं. पण त्याहून जास्त त्रास तुझ्या पारावरच्या हसण्याचा होतो. तुझी गाय होती आणि तिचं वासरूही होतं, हे सांगू शकणारं एकच माणूस आहे, आणि ते तोंड शिवून बसलंय.

तू सांगशील ते मी करीन. तहसीलला जाऊन खरं सांग म्हणालास तर सांगते. शिव्या द्यायच्या तर हनुमानपाशी शिव्या दे. काहीतरी दे.

विजू


पिंपळटाकळी
१७ ऑक्टोबर, वसुबारस

दादा,

काही आलं नाही. हनुमानला विचारलं, "पत्र दिलंस ना?" तो म्हणाला, "दिलं की ताई. भारतदादा वाचून गोठ्यात गेलते. लई येळ भाईर आलेच न्हाईत." मी त्याला तीनदा विचारलं, तुझा चेहरा कसा होता. तो म्हणाला, "चेहरा चेहऱ्यासारखा व्हता." आता ह्या माणसाला काय म्हणावं!

काल पथक आलं होतं.

तिघं होते. नोंदीतली जनावरं आणि दारातली जनावरं जुळवून बघत होते. मी चहा केला, ह्यांनी नेऊन दिला. सगळं सुरळीत चाललं होतं. आमच्या दारात खुंटा रिकामा, गाय गेली, फोटो आहे, साक्ष आहे. साहेब वहीवर टिपून उठणार, एवढ्यात ती कालवड आश्रुबांच्या दावणीवरून सुटून आली. सरळ माझ्यापाशी. चार माणसं उभी आहेत, नवीन कपडे, बूट, तिला कशाचं काही नाही. आली आणि माझा पदर तोंडात घेऊन चघळायला लागली.

साहेबांनी विचारलं, "शेजाऱ्यांचं वासरू तुमचा पदर का चघळतंय?"

मी पदर सोडवायला लागले. हे उगाच हसले. आश्रुबा लांबूनच ओरडले, "ती भरडा घालती तिला साहेब, सोकावलंय ते. लई लोचट हाय!"

साहेबही हसले. पण जाताना त्यांनी कालवडीचा फोटो काढला. माझ्यासकट, पदरासकट. कशाला काढला असेल? रात्रभर मी तेवढाच विचार केला. सहज म्हणून काढला असेल का?

ते गेल्यावर आश्रुबा आमच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "पोरी, गाभण गाय मला वळखू येत न्हाई व्हय? जनम गेला माजा ढोरांत. तवा अंगठा दिला, कावून, तर तुजी गाय खरंच गेलती. माज्या डोळ्यांदेखत गेली. म्हनलं, गरिबाचं काम व्हतंय, व्हऊ दे. पन आता तुज्या भावाला लोक म्हनत्यात, गाय न्हवतीच त्याची. हे मला गिळत न्हाई. तुला गिळतंय का?"

ते उठून गेले.

आज वसुबारस. गल्लीतल्या बायका सवत्स गाय पुजायला निघाल्या. केशरबाईच्या घरी काही उरलं नाही, तरी ती दुसऱ्याच्या गोठ्यात गेली. मला हाक मारली, मी गेले नाही. आश्रुबांच्या दावणीला जाऊन मी कालवडीलाच हळदकुंकू लावलं आणि तिला बाजरीचा घास दिला. तिची आई मी सोडली म्हणून गेली आणि तिच्या मावशीचं, गौळणीचं, मढं मी चोरासारखं साक्षीला लावलं. नुसतं कुंकू लावून काय होणार आहे?

संध्याकाळी ह्यांना सांगितलं, दिवाळी झाली की मी तहसीलला जाणार आणि खरं सांगणार. भांडण झालं. हे म्हणाले, "मला जेलात घालायचंय का तुला?" मी म्हणाले, "कान मी कापलाय, जायचं तर मी जाईन." हे म्हणाले, "भावासाठी घर मोडतीस." मी म्हणाले, "त्याला पाणीवाला तुम्ही केलं म्हणून त्याच्या गाईवर कोणी विश्वास ठेवत नाही. भोंगा तुमचा आणि विळा माझा. दोघांनी मिळून केलंय." ते उठून ओट्यावर जाऊन बसले. अजून तिथेच आहेत.

मी जाणार आहे, दादा. तुझं उत्तर येवो न येवो.

विजू


पिंपळटाकळी
२८ ऑक्टोबर

दादा,

तू हे काय करून ठेवलंस?

काल तहसीलला गेले. उकिरड्यातून बिल्ला उकरून काढला होता, धुऊन रुमालात बांधला होता. साहेबांसमोर ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. विळ्याचं, वासराचं, सगळं. सांगून झाल्यावर इतकं मोकळं वाटलं की मला वाटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे.

साहेबांनी बिल्ला उलटापालटा करून बघितला. मग कारकुनाला तुझी फाइल आणायला सांगितली. त्यातला एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. तुझा जबाब. तुझी ती मोठ्या भ ची सही. तुझ्या अर्जात डागाचं वर्णन होतं, चंद्रकोर आणि टिंब, आणि आमच्या फोटोत तोच डाग, म्हणून त्यांनी तुला फोटो दाखवायला बोलावलं होतं. तू लिहून दिलंस, "फोटोतील गाय माझी नसून माझी बहीण विजयमाला हिची हरणी आहे. घरचा डाग असल्याने मी खात्रीने ओळखतो. माझी गाय कोठे गेली मला माहीत नाही."

तारीख तीन ऑक्टोबर.

म्हणजे मी तुला अर्ज मागे घेऊ नकोस, शेजाऱ्यांचे जबाब घे, असली शहाणपणाची पत्रं लिहीत होते, त्याच्या आधीच तू सगळं बघितलं होतंस. गौळण बघितली होतीस. कापलेला कानही दिसला असेल फोटोत. आणि तरी लिहून दिलंस. पारावर हसू करून घेतलंस आणि घरी येऊन गप्प बसलास.

मी तिथेच रडले, दादा. साहेबांच्या टेबलाला धरून. शिपायाने पाणी आणून दिलं.

साहेब वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "ताई, तुमच्या भावानं लिहून दिलंय. तुम्ही हे मागं घ्या आणि घरी जा. गाय तुमची, मदत तुमची, विषय संपला. मागं नाही घेतलं, तर सरकारला खोटा जबाब दिला म्हणून त्यांच्यावर येईल. विचार करा."

मी केला विचार. तिथे उभी राहूनच केला. खरं बोलायला गेले तर तू अडकतोस आणि खोटं पचवलं तर तू कायमचा कागदावरची गाय दाखवणारा ठरतोस. दोन्हीकडून तूच. मी काय करायचं तूच सांग! शेवटी म्हणाले, मागे घेत नाही. साहेबांनी कपाळाला हात लावला. चार नोव्हेंबरला दोघांनाही समोरासमोर बोलावलंय. तुझ्याकडे चिठ्ठी आली असेल.

म्हणून हे पत्र. तू येशील तेव्हा एवढं कर. गाय माझी, असं म्हण. फोटो नीट दिसला नाही, गडबडीत सही केली, काय हवं ते सांग, पण गौळण माझी असं म्हण. मला खोटं पाड. भावाने बहिणीला चोर ठरवलं असं लोक म्हणतील, म्हणू देत. मी चोरी केलीच आहे. तुझं हे देणं मला घेता येत नाही, दादा. तू दिलंस, पण मी कोणत्या तोंडाने घेऊ?

विजू


पिंपळटाकळी
५ नोव्हेंबर

दादा,

काल तू तिथेच होतास, तरी लिहिते. माझ्या बाजूने कसं दिसलं ते तुला ठाऊक नाही.

तू आलास तेव्हा मी तुला पहिल्यांदा ओळखलंच नाही. केस किती पांढरे झालेत तुझे. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. साहेबांनी फोटो पुढे ठेवला, विचारलं, "गाय कोणाची?" तू किती वेळ बघत बसलास. मी मनात म्हणत होते, बोल, बोल.

"माजी," तू म्हणालास. "गौळण."

मी श्वास सोडला. आणि तेवढ्यात तू पुढे म्हणालास, "पन साहेब, बहिनीची चूक न्हाई. मीच तिला सांगितलं व्हतं. म्हनलं, तुजी म्हून दाखव, माजी दुसरीकडं सापडंल. काय करायचं ते मला करा."

दादा, तुला खोटं बोलता येत नाही रे. बोलताना तू कान चोळत होतास. साहेबांना कळलं, कारकुनाला कळलं, दारातल्या शिपायालासुद्धा कळलं. साहेब म्हणाले, "केव्हा सांगितलं?" तू म्हणालास, "फोनवर." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, हा तीन वर्षं माझा फोन उचलत नाही."

साहेब हसले नाहीत. पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "इथं रोज माणसं येतात, माझं माझं म्हणत. तुम्ही दोघं काय लावलंय?" मग लिहायला लागले. त्या मढ्यावरची आमची मदत रद्द. ह्यांना नोटीस. तुझा दावाही खोट्या जबाबामुळे फेटाळला, वर अपील करायचं तर करा म्हणाले. पण शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली, ती मी दोनदा वाचून घेतली. बिल्ल्यावरून व पंचनाम्यावरून गाय भारत यांच्या मालकीची होती व ती गाभण होती हे सिद्ध होते. दादा, पैसे गेले दोघांचे. पण गौळण होती, हे सरकारी कागदावर आलं. आता पारावर कोणी हसलं तर तो कागद दाखव.

बाहेर आल्यावर तू माझ्यावर ओरडलास. "तुला गप बसता येत न्हाई का गं? लिव्हून दिलं व्हतं मी. कावून आलीस मदी?" लोक बघत होते. मी खुळ्यासारखी हसत होते, आणि तू आणखी चिडलास आणि गाडी आली म्हणून पळालास. मी तुला विचारणार होते, वहिनीला माहीत होतं का. राहूनच गेलं.

हे आत आले नव्हते. तहसीलच्या बाहेर झाडाखाली बसले होते. तू त्यांच्या समोरून गेलास, तेव्हा उठून उभे राहिले. तू बघितलंस की नाही मला माहीत नाही. नोटिशीचं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मी घाबरून जेवलेच नाही. पुढे काय होणार, गुन्हा होणार का, कोणाकडे जायचं, काहीच कळत नाही. अजूनही कळत नाही.

आज सकाळी उठले तर हे कालवडीला धूत होते. खरारा केला, पाठीवरून ओला हात फिरवला. मी म्हणाले, "बाजारात नेताय?" तर मान हलवली. म्हणाले, "तुज्या भावाकडं. त्याच्या गोठ्यातला गाईचा खुंटा मोकळा हाय." मी म्हणाले, "टेम्पोत घाला, हनुमान नेईल." तर म्हणाले, "न्हाई. चालत नेतो."

मी अडवलं नाही. हे भरपाई म्हणून नाही, दादा. गौळण आणि तिच्या पोटातलं ते वासरू, त्याची भरपाई ही एवढीशी कालवड कशी होईल? इथे आता दुधाचं काही नाही, तुझ्याकडे म्हशीचं दूध आहे, कालवड जगेल. एवढंच समज.

हे पत्र ह्यांच्याच खिशात आहे. त्यांनी वाचलंय. मीच वाचायला दिलं. वाट लांब आहे, तुझ्या दारात येईपर्यंत दुपार टळेल. दारात उभे राहिल्यावर त्यांना काही बोलता येणार नाही, मला ठाऊक आहे. चार वाक्यं घोकून निघालेत, त्यातलं एकही तोंडातून निघणार नाही. तू "या" म्हणाला नाहीस तर ते दावं खुंट्याला बांधून तसेच मागे फिरतील, पाणीसुद्धा मागणार नाहीत.

कालवड चालून दमलेली असेल. आधी तिला पाणी दाखव. मग ह्यांच्याकडे बघ.

विजू